वनराजांचा शेरा

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी मराठीत बोलत आणि सही मात्र इंग्रजीत करत.

सिंह तर हुकूमही इंग्रजीत देई. शिकाऱ्यांच्या तंबूमागे आठ दिवस लपून तो ती भाषा शिकला होता. इतरांना ती कळत नसे, म्हणून भाषांतरासाठी कोल्होपंतांची नेमणूक झाली होती. कोल्होपंतांकडे एक जाडजूड शब्दकोश होता. एरवी ते तो उशाला घेत.

त्याच जंगलात रेवती नावाची हरणी राहायची. उन्हाळ्यात जवळचं तळं आटलं. पाण्यासाठी डोंगरापलीकडे जावं लागे, आणि तिच्या पाडसाचा पाय मुरगळलेला. त्यात लांडगा फिरत होता. बिचारीच्या जिवाला घोर लागला. मी पाणी पिऊन येईपर्यंत लेकराकडे कुणीतरी लक्ष द्यावं, एवढाच अर्ज तिने केला.

सिंह त्या दिवशी पोटभर जेवला होता, म्हणून दयाळू होता. त्याने अर्जावर झोकात शेरा मारला, ‘लुक आफ्टर’.

कोल्होपंतांनी शब्दकोश उघडला. लुक म्हणजे बघणे. आफ्टर म्हणजे नंतर. दोन्ही शब्द सापडल्यावर शंका कसली? त्यांनी खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘नंतर बघू’.

पहाऱ्यावरच्या अस्वलाने ते वाचलं आणि ते जांभळीखाली आडवं झालं. हुकूमच तसा होता.

रेवतीने दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी तिचं दूध आटलं, तेव्हा ती पाण्याला गेली. परत आली तर गवत दबलेलं होतं आणि पाडस नव्हतं. ती खूप रडली. इथे हसू नका, मुलांनो.

साहेबाच्या बंगल्यात वाढलेल्या एका पोपटाने तिला खरा अर्थ सांगितला. हे दोन शब्द जोडीने आले की त्यांचा अर्थ होतो, सांभाळ करा. त्यांना सुटं करायचं नसतं. रेवती त्याला घेऊन तडक दरबारात गेली.

पोपट आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. कोल्होपंतांनी शब्दकोश पुढे केला. सगळे सिंहाकडे पाहू लागले. खरं तर आपल्याला काय म्हणायचं होतं, ते सिंहालाही आठवेना.

“आम्हाला दोन्ही अर्थ अभिप्रेत होते,” तो म्हणाला.

दरबाराने माना डोलावल्या. पोपटाला आगाऊपणाबद्दल हद्दपार केलं. तरी न्याय व्हायला हवा, म्हणून दुरुस्तीचा हुकूम निघाला. कोल्होपंतांनी ‘नंतर बघू’ खोडलं, ‘पाडसाचा सांभाळ करावा’ असं लिहिलं, शिक्का मारला आणि कागद रेवतीपुढे ठेवला.

“घ्या बाई. तुमची तक्रार मिटली.”

“आणि माझं पाडस?”

“ते आमच्याकडे येत नाही. आम्ही फक्त भाषांतर करतो.”

तात्पर्य: इंग्रजी शब्दांचा अर्थ नेहमी सुटा सुटा लावावा. जोडून लावला, तर काम करावं लागतं.