सहावा हिस्सा

गफूरमियाँ पहिल्यांदा आमच्या वाचनालयात आले तेव्हा त्यांनी पुस्तक मागितलं नाही, पुस्तकाचं मधलं मागितलं.

"मास्तर, ह्या कादंबरीचं मधलं द्या ना."

"मधलं म्हणजे?"

"मधलं म्हंजे मधलं. सुरवात नको, शेवट नको. बाकीचं राहू द्या तुमच्यापाशी, दुसऱ्या कोनाच्या कामी येईन."

मी तेव्हा दिवसा शाळेत शिकवत असे आणि संध्याकाळी वाशिमच्या त्या वाचनालयाचं बिनपगारी चिटणीसपण ओढत असे. पुस्तकात सुपारीची चिमूट ठेवणारे, पानावर हळदीचा अंगठा उठवणारे, नायिकेला मिशा काढणारे असे सगळे वाचक माझ्या परिचयाचे होते. मधलंच मागणारा हा पहिला. पुस्तक असं फोडून देता येत नाही, न्यायचं तर आख्खं न्या, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं. त्यांनी नाइलाजानं आख्खं नेलं.

आठ दिवसांनी पुस्तक परत आलं ते अकरा तुकड्यांत. प्रत्येक तुकडा जाड निळ्या दोऱ्यानं नीट शिवलेला, आणि अकराही तुकडे गादीच्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडात बांधलेले.

"मोकळं करून देलं," गफूरमियाँ म्हणाले. "आता अकरा जन येकाच वख्ती वाचू शकतेत."

मी इतका ओरडलो की बाहेर ओट्यावर वर्तमानपत्र वाचणारे दोघे आत डोकावले. गफूरमियाँनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कमरेची दाभण काढली, तिथंच मांडी घातली आणि पुस्तक पुन्हा एकत्र शिवून माझ्या टेबलावर ठेवलं. ते जातीचे पिंजारी. कापूस पिंजणं, गाद्या भरणं हा घरचा धंदा. कापूस पिंजायची धुनकी खांद्यावर टाकून रिसोडपासून अनसिंगपर्यंत गावं फिरायचे. खरं सांगायचं तर त्यांनी शिवलेलं ते पुस्तक आमच्या कपाटातल्या सगळ्या पुस्तकांना पुरून उरलं. पुढं पुढं मीच फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे शिवायला पाठवू लागलो.

या मधल्याच्या वेडाचं मूळ मला महिनाभरानं कळलं, आणि तेही मधूनच. कारण गफूरमियाँ कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून सांगत नसत. "आन मंग दिवानसाहेबानं इचारलं का मशाल कुठं हाय," असं ते अचानक म्हणत. कुठला दिवाण, कसली मशाल, हे उलटतपासणी घेऊन काढावं लागे.

तर झालं होतं असं. तरुणपणी गफूरमियाँ मध्य हिंदुस्थानातल्या एका संस्थानात हॉकी खेळायला पगारी नोकर होते. महाराजांना हॉकीचा भारी शौक. पण खजिन्यातून हॉकी खेळायचा पगार देता येईना, म्हणून अकराही खेळाडू कागदोपत्री निरनिराळ्या खात्यांत भरलेले होते. सेंटर फॉरवर्ड मुदपाकखान्यात आचारी. राइट हाफ हत्तीखान्यात. गफूरमियाँ लेफ्ट हाफ, ते दिवाबत्ती खात्यात मशालजी. सात वर्षांत त्यांनी एक काडी ओढली नाही. गोलकीपर मथुराप्रसाद मात्र द्वारपाल म्हणून नोंदलेला होता, आणि त्यात कुणाला खोटं काढता आलं नसतं.

ही टीम मॅचसाठी आगगाडीनं देशभर हिंडे. प्रवास दोन-दोन दिवसांचे. वेळ घालवायला हिंदी कादंबऱ्या घेत, तळघरं, भुयारं आणि पळवून नेलेल्या राजकन्यांच्या. पण पुस्तक एक आणि वाचणारे अकरा. पहिल्याच प्रवासात मारामारी झाली, तेव्हा कॅप्टननं तोडगा काढला. पुस्तकाची शिवण उसवायची, अकरा हिस्से करायचे आणि मैदानावरच्या जागेप्रमाणे वाटायचे. गोलकीपरला सुरुवात, मग दोन फुलबॅक, मग तीन हाफ, शेवटाकडचं सगळं फॉरवर्डांना, अगदी शेवटचा हिस्सा लेफ्ट आउटला. प्रत्येकानं आपापला हिस्सा वाचायचा आणि स्टेशन आलं की क्रमानं उठून सगळ्यांना सांगायचा. लेफ्ट हाफचा नंबर सहावा. म्हणजे गफूरमियाँच्या वाट्याला सात वर्षं दर पुस्तकाचा बरोबर मधला हिस्सा आला.

"आणि दुसऱ्याचा हिस्सा कधी वाचावासा वाटला नाही?"

"काहून वाचू? दुसऱ्याच्या हिश्शात डोकावनं म्हंजे आपली जागा सोडून त्याच्या जागेवर खेळनं. मंग आपली जागा कोन सांभाळन?"

टीम मोडून पंधरा-सोळा वर्षं झाली होती. म्हातारे महाराज वारले, नव्या महाराजांना ग्रामोफोनचा शौक निघाला, आणि आचारी, मशालजी, द्वारपाल सगळे एका दिवसात आपापल्या गावी गेले. पण गफूरमियाँची सवय सुटली नाही. आमच्या वाचनालयातल्या झाडून सगळ्या कादंबऱ्यांचं मधलं त्यांनी वाचलं. त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक नायिका पळवून नेलेली होती आणि एकीचीही सुटका झालेली नव्हती. "लई वाईट दिवस आले पोरीबाळीईवर," असं ते पुस्तक परत करताना कळवळून म्हणत. सुटली हो ती, शेवटी लग्न होतं तिचं, असं मी एकदा सांगायला गेलो, तर कानांवर हात ठेवून उठले. "ते लेफ्ट आउट सांगन," म्हणाले.

गावाला या माणसाची सवय होती. नाटक कंपनी आली की गफूरमियाँ दुसऱ्या अंकाला येत आणि तिसऱ्याच्या आत उठून जात. दारावरच्या माणसानं हटकलं की म्हणत, "आपला हिस्सा येवढाच." पंगतीला पहिली वाढणी उरकल्यावर बसत आणि ताकाची वाट न पाहता उठत. एकदा अनसिंगच्या बाजारात झालेल्या मारामारीत ते साक्षीदार निघाले. वकिलानं विचारलं, सुरुवात कुणी केली? म्हणाले, सुरुवात मी पाहिली नाही. मग शेवट कसा झाला? शेवटाला मी नव्हतो. का नव्हता?

"सायेब, तवरोक आपला हिस्सा झाला व्हता."

कोर्टात हसू पिकलं. मात्र मधली मारामारी त्यांनी अशी बारकाईनं सांगितली, कुणाची काठी कुणाच्या कुठल्या खांद्यावर उतरली इथपर्यंत, की आरोपींनीही माना डोलावल्या.

आणि मग ते पुस्तक निघालं.

मासिकात जाहिरात होती. म्हाताऱ्या महाराजांच्या एका चिटणिसानं त्या हॉकी टीमच्या कारकिर्दीची हकीकत हिंदीत लिहून छापली होती. मी ती जाहिरात गफूरमियाँना दाखवली. ते ओट्यावर बसले. मग म्हणाले, "मागवा. माह्यासाठी."

पुस्तक आलं त्या रविवारी ते रिसोडकडे गाद्या भरायला गेले होते, म्हणून ते मी आधी वाचून काढलं. वाचलं नसतं तर बरं झालं असतं. पहिली वीस पानं महाराजांची सूर्यापासूनची वंशावळ. पुढं महाराजांची शिकार, महाराजांची कुत्री, महाराजांची दाढ. सहाव्या हिश्शात तर हॉकीचा चेंडूसुद्धा नव्हता. महाराजांची दाढ एका डोंगरी गावी कशी उपटली, एवढंच वीस पानं. साऱ्या पुस्तकात चार खेळाडूंची नावं होती, आणि त्यांत गफूर नव्हता. शेवटी एक फोटो होता. खाली लिहिलेलं: मागच्या रांगेत उभे, इतर खेळाडू.

तरी मी गफूरमियाँना पुस्तक दिलं. त्यांनी ते उघडूनही पाहिलं नाही. पानं मोजली, वस्तऱ्यानं शिवण उसवली, अकरा हिस्से केले. सहावा काढून खिशात घातला. उरलेले दहा गादीच्या कापडात शिवले आणि माझ्यापुढं ठेवले.

"पत्ते लिवा मास्तर. मी सांगतो."

"अहो, पण हे..."

"आपल्या टीमचं पुस्तक हाय. आपन एकट्यानंच वाचाव का? येतीन सारे. आपापला हिस्सा सांगाले येतीन."

गेल्या पंधरा वर्षांत एकाचंही पत्र आलेलं नव्हतं. पण मी दहा पत्ते लिहिले, आणि हिस्सा कितवा, तो सांगायला वाशिमला कुणाकडे यायचं, तेही लिहिलं. आणि गफूरमियाँनी घरी जाऊन नव्या कापसाच्या दहा गाद्या भरायला घेतल्या. लग्न कुणाचं आहे, म्हणून गल्ली विचारू लागली.

आपला हिस्सा त्यांनी वाचला. मला धाकधूक होती. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "दाढेचं मालूम हाय मले. लई सुजली व्हती." मग जरा थांबून, "माह्यं नाव माह्या हिश्शात कसं असन मास्तर? ते दुसऱ्याच्या हिश्शात असते. ते दुसऱ्यानं सांगाव लागते." मी टेबलावरचा रूळ उचलून पुन्हा तिथंच ठेवला.

दीड महिन्यात पुडकी परत येऊ लागली. पहिलं आलं ते फुलबॅक अहमदचं. वर शेरा: इसम मयत. मग सेंटर हाफचं, मग एका फॉरवर्डचं. कुठं मयत, कुठं गाव सोडून गेला. अशी पाच परत आली. पाठवलेल्या बाकीच्यांचं होय नाही, काहीच नाही. गफूरमियाँ परत आलेलं पुडकं पोस्टमनकडून घेत, झटकत, आणि ज्याचं असेल त्याच्या गादीवर नेऊन ठेवत. एकही उघडलं नाही.

एकदा मी न राहवून म्हणालो, "गफूरभाई, आता हे तुमचेच झाले. वाचा की."

"खोललं तं तो मेला म्हनून कबूल केल्यासारखं होते ना मास्तर," ते म्हणाले. आणि धुनकी उचलून निघून गेले.

मला त्या चिटणिसाचा, त्या मेल्या महाराजांचा आणि त्यांच्या दाढेचा असा संताप आला की त्या संध्याकाळी मी वाचनालयात एका सभ्य वाचकाला विनाकारण तोडून बोललो.

कपाशीची वेचणी संपत आली होती तेव्हा एका दुपारी स्टेशनाकडून एक टांगा आला. त्यातून एक धिप्पाड माणूस उतरला. केस पांढरे, दोन्ही गुडघे वाकलेले, काखेत पट्ट्यापट्ट्याचं पुडकं. मी गफूरमियाँच्या ओट्यावरच होतो. गफूरमियाँ दारात आले, पाहिलं आणि नुसतं म्हणाले, "मथुरा."

तो म्हणाला, "पहला हिस्सा लाया हूँ."

दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून लहान पोरांसारखे रडले. मग हातपाय धुणं झालं, चहा झाला. मथुराप्रसादनं पुडकं मांडीवर घेतलं. त्याची शिवण तशीच्या तशी होती. त्यानं ते न सोडताच दोन्ही हात त्यावर ठेवले, डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली.

पुस्तक म्हणे एका मैदानात सुरू होतं. थंडीची सकाळ आहे. समोर गोऱ्या पलटणीची टीम आहे. गोलकीपर एकटा पडला आहे, तीन गोरे अंगावर धावून येताहेत, आणि इतक्यात डावीकडून एक दुबळासा पोरगा येतो, वाऱ्यासारखा. लिहिणारा म्हणतो, सांगत होता मथुरा, की उस लड़के का नाम गफूर था, बरार का था, और उस दिन वो न होता तो ये किताब न होती.

वंशावळ! तिथं वंशावळ होती, सूर्यापासूनची! मी तोंड उघडलं. गफूरमियाँनी मथुराकडची नजर न काढता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

मथुरा तोंडावर पाणी मारायला उठला तेव्हा ते हळूच म्हणाले, "त्याले अक्षरओळख नाई. कवाच नव्हती. साऱ्या टीमले मालूम व्हतं, पन कोनी बोललं नाई. त्याची सुरवात छापल्यापक्षा चांगली राहे."

मथुरा परत आला तो गाद्यांपाशी थांबला. "ये किसका?"

"अहमदचा," गफूरमियाँ म्हणाले. त्यांनी पुडक्यावरची धूळ पुसली.

"खोला नहीं?"

गफूरमियाँनी मान हलवली. मथुरानं पुडकं उचललं, तळहातावर तोललं, मान डोलावली.

"खोलने की क्या जरूरत," तो म्हणाला, आणि अहमदच्याच गादीवर बसून अहमदचा हिस्सा सांगू लागला. अहमद बोलताना अडखळायचा म्हणे, तसाच अडखळत. गफूरमियाँ हसत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते. मीही पुसले, का लपवू?

दोन दिवसांच्या बोलीवर आलेला मथुरा राहिला. रोज एक पुडकं तोलायचा, एक हिस्सा सांगायचा. चार झाले. पाचवा सांगायचा त्या दिवशी सकाळीच गफूरमियाँ माझ्याकडे आले. अंगात नवा सदरा, कमरेला दाभण, काखेत पट्ट्यापट्ट्याचं कापड.

"मास्तर, आज शेवटचं पुडकं. उद्याच्या गाडीनं जातो म्हनते तो."

"मग?"

ते जरा घुटमळले. "चार जनाईचा तं पत्ताच नाई लागला. त्याईचे हिस्से बी कालच पोस्टानं वापस आले, असं सांगतो म्हनलं त्याले. तुमच्यापाशी रद्दी असन ना?"

वाचनालयाच्या आतल्या खोलीत जुन्या मासिकांची थप्पी होती. मी दार लावून घेतलं, खाली बसलो आणि माझ्या हातानं पानं सोडवून त्यांना चार गठ्ठे दिले. वीस-वीस पानांचे, मोजून. वजन कमीजास्त व्हायला नको होतं.