बापूंचा पावणेदोन इंची खांब

बापू मोऱ्यांनी भर बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात अंगातला शर्ट काढला, नळाचा एक पाइप काखेत धरला आणि डोळे मिटले. दोन गिऱ्हाइकं आल्या पावली परत गेली.

"बापू, अहो काय चाललंय हे?"

"गप ऱ्हा शेट. अंगाला इचारतोय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. महाडात माझं हार्डवेअरचं दुकान आणि बापू माझे शेजारी. शाळेत कवायतीचे मास्तर होते, आता निवृत्त. गाव पोलादपूरच्या डोंगरातलं, त्यामुळे तीस वर्षं शाळेत काढूनही बोली काही सुटली नाही. चप्पल घेताना, कलिंगड घेताना, डॉक्टरची गोळी घेतानासुद्धा आधी अंगाला विचारायचं. "अंग खोटं बोलत नाय. माणूस बोलतो." अर्ध्या महाडाला त्यांनी मल्लखांब शिकवला. मलाही शिकवणार होते. दुसऱ्याच दिवशी मी असा आपटलो की पुन्हा खांबाच्या वाटेला गेलो नाही.

"ह्यो खरबरीत हाय. मांडी सोलून काढील."

"बापू, नळाला मांडी कशाला लागते?"

"नळाला नाय रे. मंदाला नाचायला पायजे."

मी मटकन स्टुलावर बसलो. मंदा ही त्यांची एकुलती एक मुलगी, मुंबईत ऑफिसात कामाला. पण पाइप आणि नाच यांचा संबंध माझ्या डोक्यात काही केल्या बसेना. पाइप हातात घेऊन नाचायचं, की पाइपाभोवती?

"पाइपावर," बापू म्हणाले. "छतापासून जमिनीपर्यंत खांब. त्याच्यावर चढायचं, उलटं लटकायचं, वर गाणं. ऑफिस सुटल्यावर बायका जातात क्लासला. तब्येतीला चांगलं म्हणे."

"म्हणजे मल्लखांबच की!"

"तर काय!" एवढं बोलून ते पाठ फिरवून शर्ट चढवायला लागले.

विषय का तोडला ते मला ठाऊक होतं. लहानपणी मंदा त्यांची सगळ्यात चपळ शिष्या. बारा वर्षांची झाली आणि एक दिवस बापूंनीच तिला खांबावरून उतरवलं. पुन्हा चढू दिलं नाही. तेव्हापासून पोरगी बापाशी तुटक. घरात दीड दिवसाचा गणपती. ती गणपतीबरोबर यायची आणि गणपतीबरोबरच जायची.

आणि मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "बापू, पायावर काळेनिळे डाग पडतायत, काय लावू?" इतक्या वर्षांत तिनं बापाला पहिल्यांदा काही विचारलं होतं. बापू वेडेच झाले. रोज फोन. आणि दुकानातल्या त्या दिवसापासून, फोन झाला की माझ्या डोक्याशी कटकट. "आंबेहळद लाव म्हटलं. आधी खांदा मजबूत कर म्हटलं, मग उलटी हो. पण शेट, ती म्हणते पितळ अंगाला जास्त धरतं, स्टील घसरतं. आणि जाडी पावणेदोन इंच! एवढ्याशा काठीला माणूस लटकल कसा?"

मला काय माहीत! मी नळ विकतो. पण इतका गोंधळलो होतो की जेवताना बायकोलाच विचारलं, "पितळ बरं की स्टील?" ती म्हणाली, "पातेलं आणताय का?"

दिवाळीला मंदा येणार होती. "घरात खांब असला तर ऱ्हाईल रे आठ दिवस," बापू म्हणाले. एरवी कुणापुढे न वाकणारा हा माणूस माझ्याकडे असा बघत होता, की मला नाही म्हणवेना. पितळेचा कुठे मिळेना, म्हणून एमआयडीसीतल्या ओळखीच्या माणसाकडून स्टीलचाच पाइप करवून आणला. ओळंबा धरून पडवीत तुळईपासून जमिनीपर्यंत उभा केला. बासष्टाव्या वर्षी बापू स्वतः लटकून बघायला निघाले, तेव्हा मात्र मी देवाचा धावा केला. खाली चार गाद्या. त्यातल्या दोन माझ्या.

मंदा आली. खांबाला हळदकुंकू, झेंडूचा हार. ती बघतच राहिली. आत जाऊन हाफपँट घालून आली, खांबाला नमस्कार केला, पकड घेतली, चढली... आणि सर्रकन गादीवर. पुन्हा चढली. पुन्हा सर्र! बापूंचा चेहरा पडला.

मंदानं तळहात नाकाशी नेला. "बापू, एरंडेल?"

"मग? कोरड्या खांबावर चढतात काय? सकाळधरनं चोळतोय!"

मल्लखांबाचं लाकूड तेल पितं हो, स्टील कुठलं पिणार? एवढा हार्डवेअरवाला मी, मलाही सुचलं नव्हतं. मंदा गादीवर आडवी पडून हसायला लागली, ती थांबेचना. बापू आधी रागावले, मग तेही हसले. साबण झाला, स्पिरिट झालं. बापलेकीनं मिळून खांब पुसला. ती समजावत होती आणि जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेला हा मास्तर "बरं, बरं" करत ऐकत होता.

मग ती चढली. तुळईपर्यंत. पायांची पकड घेतली, हात सोडले आणि उलटी झाली. काय दिसत होती पोरगी!

पडवीच्या दारासमोरच रस्ता. चारपाच जण थांबून तिच्या हाफपँटकडे बघायला लागले. मी लगबगीनं दार लावून घेतलं.

"उघड ते!" बापू गरजले.

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत. तेव्हा लोक बघतात म्हणूनच उतरवली मी तिला." ते खांबापाशी गेले, तिच्या उलट्या चेहऱ्यासमोर उभे राहिले. "चुकलो गो मंदे."

मंदा खाली आली नाही. तिचे डोळे भरले आणि पाणी कपाळावरून केसांत गेलं.

मी कडी काढली आणि दार सताड उघडलं.