शेवटच्या बाकावरची गर्दी

गुप्तपणे केलेली सेवा देवाला पावते हे खरे; पण देवाला मतदानाचा हक्क नसतो. त्यामुळे सेवा निदान शे-सव्वाशे माणसांना दिसेल इतपत गुप्त ठेवावी लागते, आणि हे ज्याला साधते त्यालाच जग विनम्र म्हणते. मिझोरामच्या डोंगरातल्या त्लांगखाम गावात ही विद्या पू बियाकथांगांइतकी कोणालाच साधलेली नव्हती. (पू म्हणजे श्रीयुत. तो शब्द लावून घेतल्याशिवाय ते ओ देत नसत.)

याला कारण होते. गावाची रीत अशी की मूल झाले की आईबापांची नावे संपतात. माणूस अमक्याचे बाबा होतो, पुढे तमक्याचे आजोबा होतो, आणि तसाच मातीत जातो. बियाकथांगांना किमी नावाची मुलगी असल्यामुळे तेही ‘किमीचे बाबा’ होऊन बसले असते. पण समाजाची गैरसोय होऊ नये म्हणून त्यांनी आपले पूर्ण नाव दुकानाच्या पाटीवर, छत्रीवर, बायबलच्या पुठ्ठ्यावर आणि लग्नकार्यांना उसन्या दिल्या जाणाऱ्या सर्व पातेल्यांवर रंगवून घेतले होते. पातेली ते मोठ्या मनाने देत. पालथी ठेवू देत नसत, कारण पोटावरचे नाव उलटे झाले असते.

ईस्टरनंतर चर्चचे एक उपा वारले. उपा म्हणजे मंडळीचा वडील. तो उपदेशमंचाखाली, सर्वांकडे तोंड करून बसतो. त्या खुर्चीसाठी बियाकथांगा दोनदा पडले होते, एकदा चार मतांनी, एकदा नऊ. त्यांचे वडील तर तीनदा पडले होते, आणि मरणाच्या अंथरुणावर त्यांनी शेवटचा शब्द काढला तो “निकाल लागला का?” असा. आता बियाकथांगांनी त्रेपन्नावे वर्ष ओलांडले होते. यंदा नाही तर कधीच नाही, हे ते जाणून होते.

या निवडणुकीला उमेदवार नसतो. कोरी चिठ्ठी मिळते, तिच्यावर मनातले नाव लिहायचे. प्रचाराला सक्त बंदी. त्यामुळे गावात कोणीही प्रचार केला नाही. सगळे नुसते नम्र झाले.

निमित्त पास्टरांच्या प्रवचनाचे. हे पास्टर नवे, आठ महिन्यांपूर्वी आलेले. त्यांनी सांगितले की मेजवानीला बोलावले तर शेवटच्या जागी जाऊन बसावे, म्हणजे यजमान म्हणेल, मित्रा, वर ये. या वचनाचा पूर्वार्ध गावाने ऐकला आणि उत्तरार्ध पाठ केला.

पुढच्या रविवारी शेवटच्या बाकावर, जिथे नऊ माणसे मावतात, तिथे सतरा बसली. त्याच्या पुढच्या रविवारी तेवीस. (पैकी सहा जण एकमेकांच्या मांडीवर. सर्वांचे चेहरे शांत.) जागेसाठी लोक पहाटे येऊ लागले. दोघांत ढकलाढकली झाली, एकाचा दात पडला, आणि दुसऱ्याने तो नम्रपणे वेचून दिला. अखेर ‘शेवटचे बाक नियोजन उपसमिती’ नेमली गेली. समितीने शेवटच्या बाकामागे आणखी एक शेवटचे बाक ठेवले. तेव्हा जुने शेवटचे बाक शेवटून दुसरे झाले आणि तिथे बसणे उद्धटपणाचे ठरून ओस पडले. तिसरे बाक दारात आले, चौथे ओसरीवर, पाचवे लाकडाच्या ढिगाशेजारी. पावसाळा जवळ होता. सहाव्या बाकावर छत घालावे असा ठराव आला, पण छताखाली नम्रता कमी दिसते म्हणून तो फेटाळला गेला.

आत पुढच्या बाकांवर उरली ती बहुतेक बायकामाणसे, ज्यांना प्रवचन खरेच ऐकायचे होते ती, संडे स्कूलची मुले आणि झोवाचे आजोबा.

झोवाचे आजोबा पहिल्याच बाकावर बसत, कारण बाजूच्या दाराने उठून जाणे सोपे पडे. चर्चच्या पाण्याचे पिंप ते भरत. झरा खाली दरीत, दोनशे चौदा पायऱ्यांवर. (पायऱ्या बियाकथांगांनी मोजल्या होत्या; पाणी आणताना नव्हे.) एकतीस वर्षे हे चालले होते. कोणाकडे मयत झाली तर खड्डा खणायला पहिले फावडेही त्यांचेच पडे. पण मागच्या बाकांवर त्यांच्याविषयी नाराजी होती.

“बघा, म्हातारपणी पुढे बसायची हौस!” एकजण म्हणाला.

“सगळ्यांना दिसायला हवं ना,” मांडीवरचा म्हणाला.

बियाकथांगा या स्पर्धेत सहाव्या बाकाच्याही मागे, उतारावर, डुकराच्या खुराड्यालगत जाऊन बसले. तिथे त्यांना एक अडचण जाणवली. तिथे ते कोणालाच दिसत नव्हते. म्हणून ते छुंगाकडे गेले. गावात कोण वारले, कोणाचे डुक्कर हरवले, हे भोंग्यावरून सांगण्याचे काम छुंगाकडे असे.

“एवढंच सांग, छुंगा. पू बियाकथांगांसाठी पुढे कोणी जागा धरू नये, ते मागेच सुखी आहेत.”

“पण कोणी धरलीच नाही, पू.”

“म्हणूनच सांगून ठेवलेलं बरं.”

“एकदा सांगू?”

“साधेपणानं सांग. तीनदा.”

किमीच्या आईने भोंगा ऐकला आणि भाजी चिरता चिरता म्हणाली, “अहो किमीचे बाबा, इतकं मागं सरकायचं तर घरीच बसा की. आपलं घर चर्चच्या मागेच आहे.”

मतदान झाले. मोजणीला तिघे बसले: पास्टर, शाळेचे हेडमास्तर आणि बियाकथांगा. (उमेदवारच नसल्याने कोणाचाही स्वार्थ असू शकत नाही, असे नियम सांगतो.) एकशे अठरा चिठ्ठ्या निघाल्या. त्रेपन्न माणसांना प्रत्येकी एक मत पडले. प्रत्येक चिठ्ठीचे अक्षर त्या त्या माणसाच्याच अक्षरासारखे होते, हा केवळ योगायोग मानून इतिवृत्तात घेतला नाही. बियाकथांगांना दोन मते, एक त्यांचे आणि एक छुंगाचे. उरलेल्या त्रेसष्ट चिठ्ठ्यांवर लिहिले होते: झोवाचे आजोबा.

“नाव नोंदवहीतलंच हवं,” पास्टर म्हणाले. “यांचं खरं नाव काय?”

“झोवाचे आजोबा,” हेडमास्तर म्हणाले.

“ते कळलं हो. नाव?”

“त्याआधी ते सांगीचे बाबा होते. त्याआधीचं मला कसं माहीत असणार? मी तेव्हा पाळण्यात होतो.”

“मग त्यांनाच बोलवा.”

“ते झऱ्यावर गेलेत. आपल्याच चहाचं पाणी आणायला.”

नोंदवहीत नुसती नावे होती. कोण कोणाचा आजोबा, असा रकाना नव्हता. ही वही गेल्या वर्षी बियाकथांगांनीच सुवाच्य अक्षरात उतरवून काढली होती. चौऱ्याऐंशीव्या ओळीला शाई सांडली म्हणून त्यांनी ‘थुआमा’ हे नाव दोनदा गिरवले होते, आणि ते कोणाचे हे घरोघर विचारून घेतले होते.

“पू बियाकथांगा, तुम्हाला आठवतं का?” पास्टरांनी विचारले.

ढिगाच्या वरच्याच चिठ्ठीवर किमीच्या आईचे अक्षर होते. दुकानाच्या पाटीवर रोजचे भाव लिहिणारे, शेपट्या लांब ओढणारे. बियाकथांगांनी ते पाहिले.

“मी कोण सांगणारा, पास्टर?” ते म्हणाले. “मी आपला मागे बसणारा माणूस. आणि त्यांनाच जाऊन विचारणं म्हणजे त्यांना उमेदवार करणं. नियमात बसायचं नाही.”

नव्या पास्टरांना नियमांचा धाक होता. त्रेसष्ट चिठ्ठ्या बाद झाल्या, आणि दोन विरुद्ध एक अशा प्रचंड मताधिक्याने पू बियाकथांगा उपा झाले. त्यांना वर बोलावण्यात आले. “मी या पदाला लायक नाही,” असे म्हणून ते विरोध होण्याची वाट पाहत थांबले. (इतिवृत्त: सभेने हे विधान ऐकून घेतले.) सर्वांत आधी हात मिळवायला आले झोवाचे आजोबा. त्यांनी चहाचा पहिला कप उपांच्या हाती दिला, सोबत गुळाचा खडाही.

घरी किमीच्या आईने ताट वाढले. “जेवा, उपा.”

“तू कोणाला मत दिलंस?”

“तुम्हाला माहीत होतं त्या माणसाला. नावासकट.”

त्यानंतर ती त्यांना ‘किमीचे बाबा’ कधीच म्हणाली नाही. उपांना पूर्ण मान मिळाला.

इथवर वाचून वाचक रागावले असतील, आणि आपण त्लांगखामात असतो तर त्या म्हाताऱ्याचे नाव ठणकावून सांगितले असते, असे त्यांना वाटत असेल. उत्तम. आता वर न पाहता सांगावे: काय होते ते नाव? परके होते, लक्षात राहिले नाही, ही सबब चालणार नाही. बियाकथांगा त्याहून अवघड आहे, आणि ते तुम्हाला पाठ झाले.