वाटसरूचं ताट

ओतिलियाबाईंनी टेबलावर पाचवं ताट मांडलं तेव्हा सून रेगिनाने दरवर्षीसारखं विचारलं, "वाटसरूचं ना, आई?"

"वाटसरूचंच," ओतिलियाबाई म्हणाल्या आणि त्या ताटाजवळचा चमचा जरा जास्तच पुसत बसल्या.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी एक ताट जास्त मांडायचं, ही आमच्या ओरावा प्रांतातली घरोघरची रीत. पण या घरचा वाटसरू कोण, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. धाकटा ब्लाझेय. त्याने एका घटस्फोटित बाईशी लग्न ठरवलं, तेव्हा थोरला वेंडेलिन म्हणाला होता, "ती बाई या टेबलाशी बसणार नाही." वेंडेलिन दर रविवारी चर्चमध्ये बायबल वाचून दाखवतो, त्यामुळे देवाच्या वतीने बोलायची त्याला सवय आहे. ब्लाझेय गेला तो झिलिनाला. बसने दोन तासांवर. सात वर्षं झाली, ना याने दार उघडलं ना त्याने ठोठावलं.

दुसरी रीत अशी, की या जेवणाला एकदा बसलं की कोणी उठायचं नाही. जो उठतो तो पुढच्या नाताळला टेबलाशी नसतो. गेल्या वर्षी ओतिलियाबाईंचे म्हातारे मीठ आणायला उठले आणि ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. घरचे म्हणाले, मीठ. म्हातारे अठ्ठ्याऐंशीचे होते, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणून यंदा मीठ, मासा, लसूण, खसखशीचे गोळे, सगळं आधीच टेबलावर आलं. मधोमध आंबवलेल्या कोबीच्या सूपचं पातेलं, त्यात ओतिलियाबाईंनी जंगलातून वेचून सुकवलेल्या अळंब्या. रेगिनाने दाराला कुलूप घालून किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. कुटुंब एकत्र राहावं म्हणून टेबलाच्या पायांना साखळी गुंडाळली होती. प्रार्थना झाली. ओतिलियाबाईंनी मुलगा, सून आणि बिनलग्नाची लेक हेडविगा, तिघांच्या कपाळावर मधाचा क्रूस काढला. कपाटावरच्या रेडिओवर नाताळची गाणी मोठ्याने चालली होती.

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

"आत या!" वेंडेलिन बसल्या जागेवरून ओरडला.

"अहो, कुलूप आहे."

"मग लावलंस कशाला?"

"चोरांना सणवार नसतो!"

"कोण आहे?" हेडविगा ओरडली. रेडिओवरच्या गायकांनी तिचा आवाज गिळून टाकला.

"रेडिओ बंद कर आधी."

"तू कर ना, दादा. मी उठू होय?"

मग तिघांच्या नजरा हळूहळू आईकडे वळल्या.

"नाही, म्हणजे आईंचं आता..." रेगिना म्हणाली.

"माझं आता काय?"

रेगिनाने घाईघाईने लसणाची पाकळी तोंडात टाकली.

"ब्लाझेय असेल," ओतिलियाबाई म्हणाल्या. "मी फोन केला होता. बायकोला घेऊन ये म्हटलं. वेंडेलिन, सात वर्षांपूर्वी दार तू लावलंस, तूच उघड."

"ताट तर एकच जास्त आहे," रेगिना पुटपुटली.

बेल पुन्हा वाजली. भावाला भेटायची भीती मोठी की मरायची, वेंडेलिनलाच कळेना. अखेर त्याने तोडगा काढला. "बूड खुर्चीवर असलं म्हणजे उठलं असं होत नाही!" म्हणत तो खुर्चीसकट उड्या मारत निघाला. कुटुंब एकत्र ठेवणारी साखळी खुर्चीच्या पायात अडकली, टेबल कलंडलं आणि गरम सूप रेगिनाच्या मांडीवर आलं. ती किंचाळत ताडकन उभी राहिली.

"वहिनी, तू उठलीस!"

"नाही हं! गुडघे वाकलेले होते माझे!"

"उठलीच आहेस तर दार उघड."

"वा वन्सं! बरी सोय तुमची!" म्हणत रेगिना सूपातच परत बसली. अर्धवट उठणं हे उठणं धरतात का, यावर वाद पेटला. जमिनीवर आडवा पडलेला वेंडेलिन, अजून खुर्चीला चिकटलेला, "फादरना विचारू," म्हणत राहिला.

बेल तिसऱ्यांदा वाजली. अगदी थोडीशी, वाजवावी की नको अशी.

ओतिलियाबाई उठल्या. त्यांनी रेडिओ बंद केला, किल्ली काढली, दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. ताज्या बर्फात पावलं होती. पुरुषाची, बाईची आणि मधे अगदी चिमुकली. ती पावलं खिडकीशी गेली होती, तिथे घुटमळली होती आणि फाटकाकडे परतली होती. खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं. दिवे, जेवण, आणि दार न उघडणारी माणसं.

"मूल आहे त्यांना," त्या आत येऊन म्हणाल्या. "मला कोणी सांगितलंही नाही."

"आई, तू उठलीस," वेंडेलिन म्हणाला.

"हो," म्हणून त्यांनी एप्रन काढून ठेवला.

रीत खरी ठरली. पुढच्या नाताळला ओतिलियाबाई टेबलाशी नव्हत्या. त्या झिलिनाला दोन खोल्यांच्या घरात होत्या आणि सबंध जेवणात एका जागी बसल्या नाहीत. कधी मीठ, कधी चमचा, कधी नातीला अजून थोडं सूप.

इकडे अळंब्यांशिवाय रेगिनाचं सूप नुसतंच आंबट झालं होतं. वेंडेलिनने स्वतः एक ताट जास्त मांडलं.

"वाटसरूचं?" हेडविगाने विचारलं.

"वाटसरूचंच," तो म्हणाला आणि चमचा पुसत बसला.

दाराला कुलूप नव्हतं. रेडिओही बंद होता. बेल वाजली असती, तर नक्की ऐकू आली असती.