एदोगावातलं टिकीहरण

मंडळी, नारदमुनींना त्रैलोक्याची बातमी मिळवायला वणवण फिरावं लागे. आमच्या चंद्रहास मोघ्यांना ती टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या तिसऱ्या मजल्यावर, सोफ्यावर बसल्या बसल्या कळे. निदान ते तसं सांगत. एरवी ते ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत आणि सुटीच्या दिवशी माणसांमधल्या. "माझी नजर म्हणजे क्ष-किरण," असं म्हणत ते कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधत.

त्या रविवारी शेजारचा उदय धापा टाकत आला. "मोघेसान, माझा टिकी चोरीला गेला!"

टिकी म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांच्या धाटणीची लाकडी मूर्ती. वटारलेले डोळे, विचकलेले दात. उदयने हिवाळाभर पटाशी चालवून, पॉलिश पेपरने घासून ती घडवली होती. दर शनिवारी तिला तेल चोळून बाल्कनीत वाळत ठेवायचा. आज दुपारी वॉर्डाच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन होतं. त्याच्या हातची कलाकृती लोक पहिल्यांदाच बघणार होते.

मोघे निघाले. उदयच्या घरात शिरताच आधी देवघरापुढे डोळे मिटून भक्तिभावाने हात जोडले आणि मग थेट बाल्कनी गाठली.

"हे तेलाचे थेंब! आरोपी भजीवाला आहे."

"तेल मी लावतो हो."

"मग तुम्हीही संशयित. ठोकठोकीला वैतागलेले खालचे आजोबाही. किंवा कचऱ्याची गाडी! इथल्या नियमानं लाकूड म्हणजे जळणारा कचरा."

"आज रविवार. गाडी येत नाही."

"म्हणूनच कुणाला संशय येणार नाही!"

उदयची आई, सुप्रभाबाई, स्वयंपाकघरातून डोकावल्या. "काय हरवलंय रे?"

"आई, साक्षीदारांची पाळी नंतर," मोघ्यांनी त्यांना गप्प केलं.

तेवढ्यात कोनबिनीतली, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातली, शिफ्ट संपवून उदयची बायको स्वरूपा आली. देवघराकडे बघून तिची पिशवीच गळाली. "अगंबाई! हे कोण बसलंय?"

बाळकृष्णाच्या मागे टिकी. कपाळापासून दातांपर्यंत शेंदूर, गळ्यात हार, पुढ्यात शिरा.

"मी नमस्कार केला तेव्हा नव्हता," मोघे म्हणाले.

"डोळे मिटले की अख्खं जगच नसतं हो," सुप्रभाबाई म्हणाल्या. "उदय, आपल्या गावच्या म्हसोबाचेच डोळे रे! दर शनिवारी तेल लावताना बघत होते तुला. जपानात येऊन पोराला देव आठवला, केवढं बरं वाटलं! पण गारठ्यात कशाला ठेवलास त्याला? आज आत आणला."

उदयच्या ओठावर आलेलं 'फिनिश गेलं' तिथेच विरलं. "आई, हा दूरच्या बेटांवरचा आहे गं."

"मग पाहुणाच की! त्याला तर आधी वाढायला हवं."

पुसायला वेळ नव्हता. लालभडक टिकी तसाच हॉलमध्ये गेला, शेजारी शिऱ्याचा डबा घेऊन सुप्रभाबाई. त्यांनी हात जोडलेले पाहून एका जपानी आजींनी त्यांच्या देवळात वाजवतात तशी दोनदा टाळी वाजवली आणि त्या कमरेत वाकल्या. त्यांच्यामागे आणखी कुणी वाकलं. बघता बघता रांग लागली. शिऱ्यासाठी रांगेत मोघे तिसऱ्यांदा.

पटाशीकाम शिकवणारे एक म्हातारे गुरुजी टिकीसमोर बराच वेळ थांबले. त्यांनी जबड्याच्या कोरीव रेषेवरून अलगद बोट फिरवलं. "हात चांगला आहे. पण हा रंग तुम्ही कसा साधलात?"

उदयने आईकडे पाहिलं. ती द्रोणात शिरा घालत होती.

"तो हात तिचा," तो म्हणाला.