उशीनं मोडलेला हात

केसरीनाथच्या मनगटाला प्लास्टर बसलं आणि नेमके येत्या रविवारी मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. पूर्णा गावात एव्हाना एकच बातमी होती: हौसानं नवऱ्याचा हात मोडला.

खरं तर हात मोडला होता गाडीनं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. गोदामांना जमीन देऊन केसरीनाथनं मुंबईहून परदेशी गाडी आणली होती. तिच्या स्टिअरिंगच्या पोटात हवेची पिशवी असते, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, केसरीनाथलाही नाही. गजबजलेल्या धामणकर नाक्यावरून जायचं तर हॉर्नवरचा हात उचलून चालत नसे, आणि हॉर्न स्टिअरिंगच्या मधोमध. हातगाडी आडवी आली, त्यानं एका हातानं गाडी वळवली ती थेट विजेच्या खांबावर. फाडकन पिशवी उशीसारखी फुगली. तोंडाला खरचटलंही नाही. हॉर्नवरचा हात मात्र उडून समोरच्या काचेवर आपटला.

गाडी त्याच दिवशी दुरुस्तीला मुंबईला गेली. गावाला दिसलं ते फक्त प्लास्टर. कुणी विचारलं की केसरीनाथ खरं ते सांगे, गाडीतल्या उशीनं मारलं. लोक मान डोलवत आणि हौसाकडे बघत.

"उशी निघते म्हणं गाडीतून," शेजारचा हिरामण म्हणाला. "आमच्या टेम्पोतून नुसता धूर निघतो."

हौसा रडकुंडीला आली. जमत आलेलं स्थळ हातचं जाणार, म्हणून तिनं रविवारी प्लास्टर घालणाऱ्या श्रीनाथ डॉक्टरांनाच घरी बोलावलं. डॉक्टरांनी पोह्यांची ताटली स्टिअरिंगसारखी धरून पाहुण्यांना सगळं समजावलं. पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. हात कडेला असला तर वाचतो, मधे असला तर गोफणीतल्या दगडासारखा भिरकावला जातो. सगळ्यांना पटलं.

मुलाची आई गोदूबाई मात्र उठून हौसामागोमाग स्वयंपाकघरात गेली.

"डॉक्टर आणलास, झ्याक केलंस. पुरुषांसमोर असंच बोलायला लागतं," ती हळूच म्हणाली. "पन मना खरं सांग. माझा पोरगा बापावर गेलाय, कुनाचं आयकत न्हाय. बापाला आवरायला मना उशीर झाला. सून तरी खमक्या घरची पायजे. तू मारलं नसशील, तर आमी दुसरं घर बघतो."

हौसानं दाराआडून बाहेर पाहिलं. मुलगी मान खाली घालून बसली होती आणि मुलगा तिच्याकडे चोरून बघत होता.

तिनं पदर सावरला.

"उशीनं कुठं हात मोडतो, विहीणबाई," ती म्हणाली. "वरवंटा होता."