करंडक लख्ख केला त्याची गोष्ट

एखादी गोष्ट मनावर घेतली की मी ती तडीस नेतो, असं मी लोकांना नेहमी सांगतो. लोक म्हणजे स्टाफरूममधले. घरी हे वाक्य चालत नाही. घरी मी मनावर घेतलेली इस्त्री, मिक्सर आणि बाथरूमची कडी यांचं काय झालं ते बायकोला तोंडपाठ आहे.

मी आमच्या गावच्या सरकारी हायस्कुलात इतिहास शिकवतो. शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी समारंभ ठरवला आणि शाळेच्या इतिहासाचं दालन माझ्याकडे दिलं. आता खरं सांगायचं तर आमच्या शाळेचा इतिहास म्हणजे धावण्याचा इतिहास. अभ्यासात शाळेने फारसे दिवे लावले नाहीत, पण आमची पोरं पळायची. त्याचं कारणही साधं होतं. आमचं मैदान उताराचं. अर्धी फेरी उतार, अर्धी चढ. त्या चढावर ज्याने चार वर्षं काढली, त्याला दुसऱ्या गावचं सपाट मैदान म्हणजे सहलच वाटायची. मैदानाच्या एका कोपऱ्यात पाण्याची टाकी आहे. तिच्यामागे गेलेली पोरं क्षणभर दिसेनाशी व्हायची. टाकीमागे कोण पुढे होता आणि बाहेर पहिला कोण आला, यावरून गावात दोन घरांचं बोलणं अजून बंद आहे.

वर्षातल्या मोठ्या शर्यतीचा एक फिरता करंडक होता. पितळेचा, दोन कानांचा, पोटावर विजेत्यांची नावं वर्षवार कोरलेली. पुढे शर्यत बंद पडली आणि करंडक कपाटात काळा ठिक्कर पडला. दालनाच्या मधोमध तो ठेवायचा, असं मी ठरवलं.

"पण आधी तो चमकला पाहिजे," मी घरी म्हणालो आणि न्हाणीघरातली बाटली उचलली.

"अहो, ते फरशीचं आहे," बायको म्हणाली.

"धातू फरशीपेक्षा मजबूत असतो."

"बाटलीवर कवटीचं चित्र आहे."

"ते माणसांसाठी. करंडकाला कुठे कवटी असते?"

यावर ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मी थांबायला हवं, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही.

शाळेच्या मागच्या नळाशी बादलीत सगळी बाटली ओतली, वर थोडं पाणी घातलं आणि करंडक बुडवून चाचणी परीक्षेच्या पर्यवेक्षणाला गेलो. पर्यवेक्षण लांबलं, मग बाईंनी समारंभाची बैठक लावली, बैठकीत मी स्वच्छतेवर चार शब्द बोललो. परत आलो तेव्हा बादलीतून असा वास येत होता की शेजारच्या भिंतीवरची मांजर दुसऱ्या भिंतीवर गेली होती. करंडक बाहेर काढला. काळेपणा गेला होता. पितळेचा पिवळेपणाही गेला होता. करंडक गुलाबी झाला होता, लग्नाच्या फोटोतल्या बुजऱ्या नवऱ्यासारखा.

मी घाबरून पॉलिश पेपरने घासायला घेतला. घासता घासता तो खरंच पिवळा व्हायला लागला. मी खुशीत आलो, आणखी जोर लावला. लख्ख झाला. आरशासारखा. त्यात माझा चेहरा स्वच्छ दिसत होता, कारण मध्ये आता एकही अक्षर नव्हतं.

जुन्या हाताने हलकीशी कोरलेली नावं ती. अर्धी अ‍ॅसिडने खाल्ली, उरलेली मी घासून काढली. वर्षांचे आकडे मात्र खोल होते, ते राहिले. म्हणजे कुठल्या वर्षी कोणीतरी पहिलं आलं होतं एवढं कळत होतं. दप्तरात शोधावं तर शर्यतीची जुनी कागदपत्रं वाळवीने केव्हाच संपवलेली. जुन्या विद्यार्थ्यांना विचारावं तर "का विचारताय?" हा प्रश्न आलाच असता, आणि त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं.

एकच माणूस उरला. शाळेचे जुने कवायत शिक्षक. त्यांना सगळे शिट्टीसर म्हणत. आता ते लेकीकडे दुसऱ्या गावी राहतात, कानाने कमी ऐकतात, पण स्मरणशक्ती ठणठणीत आहे असं ऐकून होतो. त्यांनी मला शाळेत असताना उन्हात उभं केलेलं असल्यामुळे फोन करण्याचं धाडस होईना. म्हणून मी बाजारपेठेत नावं कोरून देणाऱ्या दुकानदाराकडे गेलो, करंडक दिला, शिट्टीसरांचा नंबर दिला.

"त्यांना एकेक वर्ष विचारा. ते सांगतील ते कोरा," मी म्हणालो.

"सांगतील तेच?"

"अगदी तेच. माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. आणि हो, खोल कोरा."

माणसाने आयुष्यात कधीतरी एकदा तरी नेमकी सूचना द्यावी. मी ती तिथे दिली.

समारंभाच्या दिवशी करंडक आला तोच पाहुण्यांची गाडी फाटकात शिरताना. वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मी कागद थोडा फाडून बोट फिरवलं. अक्षरं लागली. हुश्श केलं, टेबलावर ठेवून वर निळं कापड टाकलं आणि स्वागताला धावलो. पाहुण्या आमच्याच शाळेच्या, आता जिल्हा न्यायाधीश. त्यांनी त्यांच्या काळात ही शर्यत जिंकली होती. मुलांना मागे टाकून जिंकणारी पहिली मुलगी. त्यांना बोलावण्याचं कारणच ते.

दालन खच्चून भरलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी कापड ओढलं. करंडक असा चमकला की टाळ्या पडल्या. न्यायाधीशबाईंनी चष्मा लावला, वाकल्या आणि मोठ्याने वाचायला लागल्या.

"टोळ. इंजिन. शेंबड्या."

त्या थांबल्या. मागून कोणीतरी विचारलं, "काय म्हणाल्या?"

न्यायाधीशबाईंनी करंडक थोडा फिरवला. "रडूबाई," त्यांनी वाचलं. मग वर्षावर बोट ठेवलं. "हे वर्ष माझं आहे."

माझ्या लक्षात आलं तेव्हा माझे कान इतके तापले होते की त्यांच्यावर चहा उकळला असता. शिट्टीसरांनी जन्मात कोणाला नावाने हाक मारली नव्हती. त्यांना ठाऊक होती ती त्यांनी स्वतः ठेवलेली नावं. दुकानदाराने ती इमानदारीने, खोल, कोरली होती.

"हे काम कोणाकडे होतं?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चित्रकलेच्या सरांकडे पाहिलं. त्या बिचाऱ्याचा यात काही संबंध नव्हता, तरी तो दचकला आणि काही काळ सगळ्यांना तोच गुन्हेगार वाटला. मी वाटू दिलं.

आणि मग न्यायाधीशबाई हसायला लागल्या. खळखळून. "शिट्टीसर आहेत का हो अजून? शर्यतीआधी दरवेळी रडायचे मी. शिट्टी वाजली की रडं बंद आणि पाय सुरू. कित्येक वर्षांनी कोणी मला या नावाने हाक मारली."

त्या हसल्या म्हटल्यावर सगळं दालन हसलं. माणसं करंडकाभोवती जमली. गावातले दातांचे डॉक्टर पुढे होऊन म्हणाले, "शेंबड्या म्हणजे मी," आणि त्यांचे चार पेशंट अभिमानाने त्यांच्याकडे बघायला लागले. टोळ मिळाला, इंजिन मिळालं. फोटो निघाले. चित्रकलेच्या सरांची पाठ थोपटली गेली. आणि इथे मी जे केलं ते सांगताना अजून मान वर होत नाही. पाठ त्यांची थोपटली जातेय हे मला सहन झालं नाही. मी माईक घेतला.

"नुसती नावं काय, सगळेच कोरतात," मी म्हणालो. "आपण लोकांच्या तोंडातला इतिहास जपायचा ठरवला. कल्पना माझीच."

टाळ्या पडल्या. मी किंचित झुकलो. बायको तिसऱ्या रांगेत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

गर्दी थोडी पांगली तेव्हा एक वयस्क गृहस्थ करंडकापाशी आले. निवृत्त वायरमन. गावातल्या निम्म्या घरांची वायरिंग त्यांच्या हातची, माझ्याही घराची. बरोबर त्यांची सून होती, हातात मोबाइल फोटोसाठी तयार.

"बाबा, तुमचं नाव कुठंय?" तिने विचारलं.

त्यांनी एक वर्ष शोधलं, त्यासमोरचा शब्द वाचला आणि हात मागे घेतला. "दिसत नाही. राहिलं असेल."

"पण तुम्ही पहिले आला होतात ना?"

"आलो असेन. फार वर्षं झाली त्याला."

तेवढ्यात दातांचे डॉक्टर आले आणि त्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "अरे उपाशी, इथे काय शोधतोस? हे बघ, तुझ्या वर्षासमोर आहे की ठळक."

सुनेने वाकून वाचलं. मग सासऱ्यांकडे पाहिलं. तिने फोटो काढला नाही. त्यांनी खिशातला रुमाल काढून उगाच चष्मा पुसला आणि म्हणाले, "चल. घरी कामं आहेत."

डॉक्टर अजून हसत होते. त्यांच्यासाठी ती गंमत होती. शेंबूड पुसला की जातो, त्याची पुढे गंमत होते. भुकेची होत नाही, आणि ती मी पितळेत कोरून टेबलाच्या मधोमध दिव्याखाली ठेवली होती. वर ती कल्पना माझीच, असंही सांगितलं होतं.

मी परत माईकपाशी गेलो. या वेळी कोणी टाळ्यांची तयारी करू नये म्हणून आधीच सांगून टाकलं, "मघाशी मी खोटं बोललो."

आणि सगळं सांगितलं. बाटली, बादली, पॉलिश पेपर, दुकानदार. चित्रकलेच्या सरांची माफी मागितली. वायरमनकाकांचं नाव घेतलं नाही, ते दारापाशी थांबले होते. मुख्याध्यापिकाबाई हळूच म्हणाल्या, "सर, बसा आता." पण बसायला खुर्ची उरली नव्हती, त्यामुळे मी उभाच राहिलो. शिट्टीसरांनी उन्हात उभं केलं होतं तेव्हा निदान सगळे माझ्याकडे बघत नव्हते.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "कबुली स्वतःहून दिली आहे, तेव्हा शिक्षा सौम्य. ज्यांची नावं पुसलीत, त्यांच्या दारात जा आणि नाव विचारून आणा. फोनवर नाही."

मी दारोदार फिरलो. काही जणांनी हसून चहा दिला, काहींनी दारातच नाव सांगून दार लावलं. वायरमनकाकांकडे मी सगळ्यांत शेवटी गेलो. आधी दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परतलो होतो. ते स्टुलावर चढून पंख्याची वायर जोडत होते. सुनेने स्टूल धरलं होतं.

"बोला," ते वरूनच म्हणाले.

"नाव विचारायला आलोय. आणि माफी मागायला."

"आधी ते मेन स्विच बंद करा. सूनबाईंनी बंद करायचं ते चालू केलंय."

मी बंद केलं. बरोबर बटण दाबलं, हे त्या महिन्यातलं माझं पहिलं यश.

ते खाली उतरले. मी धीर करून म्हणालो, "सर तुम्हाला ते नाव..."

"तुम्हाला नाव हवंय की इतिहास?"

"नाव," मी म्हणालो. इतिहासाचा शिक्षक असून असं उत्तर मी पहिल्यांदाच दिलं.

त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मग आपणहून म्हणाले, "सरांवर राग नाही माझा. 'उपाशी, इकडे ये' म्हणून हाक मारायचे, ती त्यांच्या डब्यातली पोळी द्यायला. हाक त्यांची होती तोवर ठीक होतं. गावाने कशाला वाचायची?"

सून म्हणाली, "मला का नाही सांगितलं, बाबा?"

"पहिला आलो हे सांगितलं होतं ना? तेवढं पुरे."

मी करंडक घेऊन दुकानदाराकडे गेलो. त्याने तो फिरवून पाहिला आणि मान हलवली. "जागा नाही. आणि हे पुसायचं तर भोक पडेल. तुम्ही खोल कोरा म्हणालात, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही." शेवटी 'उपाशी'वर त्याने पितळेची छोटी पट्टी डाख देऊन बसवली आणि तिच्यावर खरं नाव कोरलं. बाकीच्यांनी आपापली टोपणनावं राहू द्या म्हणून सांगितलं, म्हणून त्यांची खरी नावं करंडकाखालच्या नव्या लाकडी बैठकीवर गेली. न्यायाधीशबाईंनी तर मुद्दाम निरोप पाठवला, रडूबाईला हात लावाल तर याद राखा.

वायरमनकाका सुनेला घेऊन आले. त्यांनी पट्टी वाचली, पुन्हा एकदा वाचली, अंगठ्याने दाबून पाहिली. सुनेने या वेळी फोटो काढला, त्यांचा एकट्याचा, नंतर करंडकासोबत. मीही त्यात यावं असं कोणी सुचवलं नाही, आणि मी आपणहून पंख्याचा रेग्युलेटर बघत उभा राहिलो.

इतिहास विभागाचा प्रमुख अजून मीच आहे. दालनही माझ्याकडेच आहे. कपाटाची किल्ली तेवढी चित्रकलेच्या सरांकडे असते. पाहुणे आले की मी लांबून छडीने दाखवत सगळी माहिती देतो, कारण इतिहासाला हात लावायचा नाही, अशी मला मुख्याध्यापिकाबाईंची तोंडी सूचना आहे. घरी हीच सूचना न्हाणीघराच्या दारावर लेखी आहे.